खेक

बँकॉकला जाणारी माणसं सुवर्णभूमीला उतरतात. मीही उतरले. पण मला जायचं होतं तेही सुवर्णभूमीलाच, आणि ती आणखी दीड दिवस लांब होती. ईशान्य थायलंडच्या रोइ एत प्रांतात याच नावाचा एक तालुका आहे. थाई लिपीत लिहा, एका अक्षराचाही फरक नाही. विमानतळ 2006 साली सुरू झाला, तालुका फार जुना. पण इमिग्रेशनच्या खिडकीतल्या बाईला मी कुठे चाललेय ते सांगितलं, तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विमानतळातच मुक्काम करणार आहे.

त्या तालुक्यातल्या एका गावची मुलगी पुण्यात आमच्या घरी पोटभाडेकरू होती. पाली शिकायला आलेली. थायलंडचे विद्यार्थी आणि भिक्खू पुण्यात बरेच असतात, विद्यापीठाच्या परिसरात भगवी वस्त्रं दिसली की पुणेकर मान वळवूनही बघत नाही. तिचं पाळण्यातलं नाव चांगलं दीड ओळीचं होतं, पण घरी तिला सगळे ‘लेक’ म्हणायचे. थाईत लेक म्हणजे लहान, धाकटी. माझ्या आईला हे इतकं आवडलं की तिने दुसऱ्या महिन्यापासून भाड्यातले पाचशे रुपये कमी केले. लेकीकडून पूर्ण भाडं कसं घ्यायचं? तर ही लेक शिक्षण संपवून परत गेली आणि दर नोव्हेंबरला फोनवर विचारायची, भातकापणीला येतेस का? एका वर्षी गेले.

स्वस्तात फिरणाऱ्या माणसाला स्वतःच्या स्वस्ताईचा फार अभिमान असतो. मलाही होता. माझ्याकडे एक लांबट वही होती, तिच्यात रोजचा खर्च लिहायचा आणि रात्री बेरीज करून समाधानाने झोपायचं. बँकॉकच्या डॉर्ममधल्या दोन रात्री, सातशे बाट. सुरिनपर्यंत तिसऱ्या वर्गाचं तिकीट, दोनशेच्या आतबाहेर. एका बाटाचे तेव्हाचे साधारण अडीच रुपये धरा. सव्वाचारशे किलोमीटर, लाकडासारखं टणक बाक, वर फिरणारे पंखे आणि उघड्या खिडक्या. गाडीत बाया बांबूच्या काडीत धरलेली भाजलेली कोंबडी आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला चिकट भात विकत होत्या. रात्रभर स्टेशनांच्या पाट्या सरकत होत्या: नाखोन रात्चासिमा, बुरीराम, सुरिन. नगर, राजसीमा, पुरी, रम्य, सुरेंद्र. या सगळ्या मुलखाला ईसान म्हणतात, म्हणजे आपली ईशान्य दिशा. अर्धवट झोपेत वाटत होतं की कुणीतरी संस्कृतचा तास घेतंय आणि सगळी मुलं शेवटची अक्षरं गिळतायत.

सुरिनहून 214 नंबरच्या रस्त्याने बस उत्तरेला जाते. था तूमला मून नदी ओलांडली की जमीन एकदम सपाट होते, भाकरी थापावी तशी. हा थुंग कुला रोंग हाय. ‘कुला जिथे रडले तो माळ’. कुला म्हणजे ब्रह्मदेशाकडून येणारे फिरते व्यापारी, डोक्या-खांद्यावर माल घेऊन गावोगाव विकणारे. हा माळ पार करता करता पाणी मिळेना, सावली मिळेना, तेव्हा ते बसून रडले म्हणतात. आता तिथे पाच प्रांतांत पसरलेली भातशेती आहे, पण माती अजून खारटच. शेतात मधे मधे झाडं तशीच ठेवलेली, बांधांवर निलगिरीच्या रांगा, आणि नोव्हेंबर असल्यामुळे रस्त्याच्या अर्ध्या रुंदीवर निळ्या जाळ्या अंथरून त्यावर भात वाळत घातलेलं. बसचा ड्रायव्हर त्या भाताला वळसा घालून गाडी काढत होता, हॉर्न न वाजवता. वाळत घातलेल्या धान्याला वाट द्यायची हे त्यालाही शिकवावं लागलं नसणार.

फाट्यावर लेक मोटरसायकल घेऊन उभी होती. गावात शिरलो आणि तीन-चार पोरं मागे धावत ओरडायला लागली, “खेक मा लेव! खेक मा लेव!” लेकचे कान लाल झाले. तिने गाडी थांबवून पोरांना दटावलं. मी विचारलं, काय म्हणतायत? ती म्हणाली, “पाहुणे आले म्हणतायत.” मग जरा थांबून, कारण ती खोटं बोलू शकत नाही, “आणि इंडियन आला, असं पण.”

थाईत ‘खेक’ म्हणजे पाहुणा. आणि खेक म्हणजे आपण लोक, भारतीय, पाकिस्तानी, अरब, सावळे आणि नाकेले सगळेच. हा दुसरा अर्थ दर वेळी प्रेमाने वापरतात असं नाही, बँकॉकमध्ये तो मी वेगळ्या सुरात ऐकला होता. पण गोऱ्यांना ते ‘फरांग’ म्हणतात आणि थाईत फरांग म्हणजे पेरूसुद्धा, त्यापेक्षा पाहुणा बरा, असं मी लेकला म्हटलं. त्यावर तिने सांगितलं की ईसानमध्ये पेरूला फरांग म्हणतच नाहीत, ‘बाक सीदा’ म्हणतात. सीदा हे त्यांच्या रामायणातल्या सीतेचं नाव. आपल्याकडे सीताफळ, त्यांच्याकडे सीतापेरू.

घर खांबांवर उभं होतं, पण खालचा मोकळा भाग आता अर्धा विटांनी बंद केलेला. उरलेल्या अर्ध्यात एक झोपाळा, एक माग, मोटरसायकल, कोंबड्या आणि लाकडी चौथऱ्यावर बसलेली लेकची आजी. आईच्या आईला तिथे ‘याय’ म्हणतात. याय चौऱ्याहत्तर वर्षांची. मी हात जोडले, तिने माझा दंड चाचपला आणि विचारलं, “किन खाव लेव बो?” भात खाल्लास का? हे वाक्य मी पुढच्या नऊ दिवसांत सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत ऐकलं. माझ्या आजोळी, भोर तालुक्यात, रस्त्याने जाणाऱ्याला “जेवलास का रं?” विचारतात, त्याला उत्तर लागत नाही. इथे लागत होतं. “नाही” म्हटलं की ताट यायचं.

ताट म्हणजे खरं तर टोपली. खाव निआव, चिकट भात, रात्री भिजवायचा, पहाटे शंकूसारख्या बांबूच्या टोपलीत वाफवायचा, पाटावर पसरून त्याची वाफ घालवायची आणि झाकणाच्या छोट्या टोपलीत भरायचा. त्या टोपलीला क्रतिप म्हणतात. जेवताना चिमूटभर काढून तळव्यात वळायचा. वळला की तो हाताला चिकटत नाही, न वळता घेतला की बोटं सोडत नाही. जेवण झाल्यावर क्रतिपचं झाकण लावलंच पाहिजे, उघडं ठेवणं अपशकुनी. मी पहिल्या दिवशी विसरले, तर यायने उठून, काही न बोलता, लावलं. आजोळी मी पाटावरून उठताना ताटात हात धुतला होता, तेव्हा आजीनेही असंच काही न बोलता ताट उचललं होतं. न बोलण्याचा मार दोन्हीकडे सारखाच बसतो.

भाताबरोबर पपईचं तिखट कुटलेलं, ‘तम बाक हुंग’. मातीच्या उखळात लाकडी मुसळ, पोक-पोक-पोक. त्यात पा देक घालतात, महिनोन् महिने रांजणात मुरवलेल्या माशाचं करडं पाणी. त्याच्या वासाबद्दल प्रवासी लोक फार लिहितात. मला आजोळच्या माजघरातला सुकटीचा डबा आठवला आणि मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. हिशेबात माझी पहिली कमाई तीच. यायने शेजारणीला हाक मारून सांगितलं, खेक पा देक खाते! दोघी-तिघी बघायला आल्या.

गावाचा दिवस साडेपाचला कर्ण्यावर सुरू व्हायचा. आधी मोर लाम, म्हणजे त्यांचं लोकगाणं, खेन या बांबूच्या तोंडवाद्याच्या साथीवर, मग फू याय बानचा, म्हणजे पोलीसपाटील आणि सरपंच यांच्या मधल्या कुणाचा तरी, आवाज. कुणाची म्हैस लशीची राहिली, कुणाकडे मयत झालं, कर्जाच्या गटाची बैठक किती वाजता. सहाला भिक्खू अनवाणी रांगेने यायचे आणि याय गुडघ्यांवर बसून प्रत्येकाच्या पात्रात चिकट भाताचा एक-एक गोळा टाकायची. फक्त भात, कालवण नंतर कुणीतरी विहारात पोचवायचं. मग भाजीची गाडी. ही एक पिकअप, तिच्या चारही बाजूंनी छोट्या प्लास्टिकच्या पिशव्या लटकलेल्या, झाडाला वटवाघळं लटकावी तशा: वीस बाटाची कोथिंबीर-मिरची, मांस, मासळी, अंडी, कपड्याचा साबण. तिला रोत फुम फुआंग म्हणतात. ती भोंगा वाजवत आली की गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्या चपला सरकवत बाहेर.

म्हाताऱ्याच. गावात मधलं वय नव्हतंच. यायच्या घरात ती आणि सहा वर्षांचा पणतू. त्याची आई, म्हणजे लेकची मावसबहीण, बँकॉकजवळच्या एका कारखान्यात. ती एप्रिलमध्ये सोंगक्रानला, म्हणजे थाई नववर्षाला, येते आणि जानेवारीतल्या नववर्षाला. रोज रात्री आठला फोनच्या पडद्यावर येते. पोरगा फोनसमोर बसून गृहपाठ करतो, आई कारखान्याच्या गणवेशात जेवते, दोघं फारसं बोलत नाहीत, फोन नुसता चालू असतो. माझे दोन मामा मुंबईत माथाडी होते. त्यांची मुलं आजीकडे वाढली. तेव्हा आठ वाजता येणारं काही नव्हतं, महिन्याला मनीऑर्डर यायची आणि पोस्टमन आजीचा अंगठा घ्यायचा. माझ्या मामेभावाला मी हे फोनचं सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “बापाचा आवाज कसा होता ते मला पाचवीत कळलं.”

मी गरीब गाव बघायला गेले होते, हे कबूल करायला हवं. लेकने कधी तसं सांगितलं नव्हतं, ईसान म्हणजे थायलंडचा गरीब भाग एवढं वाचून मीच मनात एक चित्र काढलं होतं. तिथे फ्रीज होता. वीज जात नव्हती. रस्ता आमच्या आजोळच्या रस्त्यापेक्षा कितीतरी चांगला. आजारपणात 30 बाटांत उपचाराची योजना 2002 साली देशभर झाली. गावोगावी स्वयंसेविका आहेत, आपल्या आशाताईंसारख्या, सगळ्या देशात मिळून दहा लाखांच्या घरात. त्यातल्या एकीने माझाही रक्तदाब मोजला आणि मीठ कमी खा म्हणून सांगितलं, पा देकच्या रांजणाकडे बोट दाखवून. मग गरिबी कुठे आहे? चौथ्या दिवशी ती मला यायच्या उशाखालच्या प्लास्टिकच्या पाकिटात दिसली. तीन पासबुकं. एक शेतकी बँकेचं. एक गावनिधीचं, 2001 साली सरकारने प्रत्येक गावाला दहा लाख बाट दिले त्यातलं. एक मोटरसायकलच्या हप्त्यांचं. यायला वाचता येतं, पण चष्मा मोडला होता, म्हणून लेक तिला आकडे वाचून दाखवत होती.

बारा राय जमीन. अडीच राय म्हणजे साधारण एक एकर, तेव्हा पाच एकराच्या आत. पाण्यासाठी आभाळाशिवाय काही नाही, म्हणून वर्षात एकच पीक. रायला साडेतीनशे-चारशे किलो भात. भाव बरा मिळाला तर सगळे मिळून पन्नास-पंचावन्न हजार बाट, त्यातून खत, कापणीचं यंत्र, हप्ते. माझं विमानाचं जाऊन-येऊन तिकीट आठ हजार बाटांचं होतं. मी ते तीन महिने आधी, रात्री एकला उठून, स्वस्तात मिळवलं होतं आणि सगळ्यांना सांगत फिरले होते. यायला सरकारकडून म्हातारपणाचा भत्ता मिळतो, सत्तरीतल्यांना महिना 700 बाट. वहीचं पहिलंच पान मी त्या रात्री पुन्हा उघडलं. डॉर्म, दोन रात्री.

भाताचंही एक सांगायला हवं, कारण तिथे भात दोन. विकायचा आणि खायचा. विकायचा तो सुगंधी, खाव दोक मली 105, 1959 साली सरकारने निवडून दिलेलं वाण. थुंग कुलाचा हा तांदूळ इतका नावाजलेला की 2013 मध्ये युरोपीय संघाने त्याला भौगोलिक मानांकन दिलं. या वाणाला दिवसाची लांबी कळते. जूनमध्ये पेरा की ऑगस्टमध्ये, दिवस आखडले की ऑक्टोबरच्या विसाव्या तारखेच्या आसपास ते फुलतंच. यायच्या घरात तो कुणी खात नाही. खायचा तो चिकट, को खो 6, तो याच सुगंधी वाणावर किरणांचा मारा करून 1977 साली काढलेला. म्हणजे दोघं सख्खे. एक शहरात आणि परदेशात जातो, एक घरी राहतो. मी लेकला म्हटलं, आमच्याकडेही आंबेमोहोर पाहुण्यांना आणि बाजाराला. तिने विचारलं, मग तुम्ही काय खायचात? रेशनचा, म्हटलं. ती जोरात हसली, आणि यायला भाषांतर करून सांगितलं. याय हसली नाही. तिने मान डोलावली.

सुगंधी भात भाड्याच्या यंत्राने एका दुपारी कापून झाला, रायला पाचशे-सहाशे बाट. चिकट भाताचा तुकडा मात्र सखल, अजून ओला, यंत्र रुततं. तो हाताने. त्यासाठी आदल्या संध्याकाळी याय पाच घरं फिरून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा माणसं विळे घेऊन हजर, त्यांतली नऊ साठीपुढची, तोंडं कापडाने गुंडाळलेली, वर टोप्या. याला त्यांच्यात ‘लोंग खेक’ म्हणतात. शब्दशः ‘पाहुणे उतरवणं’. शेजारपाजाऱ्यांना बोलवायचं, त्यांनी मजुरी न घेता काम करायचं, जेवण घरच्याने घालायचं.

मी बांधावर उभी राहून हे ऐकलं आणि माझ्या तोंडून मराठीतच निघालं, “अगं, इर्जिक!” माझ्या आजोबांच्या बांधावर मी सहा बैलजोड्या एकदम नांगरताना पाहिल्यात, आणि दुपारी पुरणपोळीच्या पंगती. लेकला समजावून सांगताना माझाच घोळ झाला, कारण आपल्याकडे दोन शब्द आहेत. इर्जिकीत जेवू घातलं की झालं. पैऱ्यात मात्र आज तू माझ्याकडे, उद्या मी तुझ्याकडे, दिवसाला दिवस फेडायचा, आणि तो न फेडणाऱ्याचं नाव गावात निघतं. लेकने यायला विचारलं, यातलं तुमचं कुठलं? यायने विळा दगडावर घासत जे उत्तर दिलं त्याचं भाषांतर लेकला नीट जमलं नाही. “ती म्हणते, मोजत नाही. पण माहीत असतं.”

मला विळा दिला. दहाव्या वर्षी शिकलेलं हाताला थोडं आठवत होतं, कंबरेला मुळीच नाही. तासाभरात करंगळी कापली. एका आजींनी स्वतःच्या डोक्याच्या फडक्याची पट्टी फाडून बांधली आणि काहीतरी बोलल्या, त्यावर सगळा शेतभर हशा. लेक हसून हसून खाली बसली. मग सांगितलं: “त्या म्हणतात, इतकी वर्षं लोंग खेक करतोय, आज पहिल्यांदा खरा खेक उतरला.”

दुपारी बांधावरच जेवण झालं. भाजलेले मासे, क्रतिप, मुसळाची पोक-पोक. हे सगळे अकरा जण एकमेकांचे दिवस फेडणार होते. यायची पाळी परवा पलीकडच्या घरी, मग त्यापुढे. माझा दिवस कुणाच्या नावावर लिहायचा, हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. मला पडला. कारण तोवर मी सात दिवसांची जेवणं खाल्ली होती आणि वहीत ‘जेवण’ या शब्दापुढे रोज शून्य होतं. सुरुवातीला त्या शून्यांचा मला आनंद झाला होता, हेही खरं.

पैसे द्यायचे प्रयत्न करून झाले. लेकला दिले, तिने परत केले, जरा रागावूनच. मग मी भाजीच्या गाडीला गाठलं. रोज सकाळी याय पोचण्याआधी धावायचं आणि मांस, अंडी, तेल, साबण, पोराला दुधाची डबडी घेऊन टाकायची. दोन दिवस जमलं. घेतलेल्या वस्तूंतली निम्मी याय शेजारी वाटून यायची, ती गोष्ट वेगळी. तिसऱ्या दिवशी गाडीवाल्याने माझ्या हातातली नोट पाहिली, मान हलवली आणि यायच्या घराकडे हनुवटी केली. त्याला ताकीद मिळाली होती. “बो पेन यांग,” तो म्हणाला. काही नाही, असू दे, चालायचंच, एवढं सगळं त्यात आलं.

आठव्या दिवशी लेकने मला कू फ्रा को ना दाखवलं, तीन विटांचे बुरूज असलेलं जुनं ख्मेर देऊळ, रस्त्यालगतच. माकडं फार. पायरीवर बसून आम्ही पुण्यातल्या वडापावबद्दल बोललो.

निघायच्या सकाळी चौथऱ्यावर सात-आठ जणी जमल्या, शेतातल्याच. त्या फडकं फाडणाऱ्या आजीसुद्धा. त्यांच्याकडे पांढऱ्या कच्च्या सुताचे तुकडे होते. माणसात बत्तीस ‘ख्वान’ असतात म्हणे, जीव म्हणा, प्राण म्हणा. प्रवासात, आजारात, घाबरल्यावर त्यातले काही भटकतात. त्यांना हाक मारून परत बोलवायचं आणि मनगटाला दोऱ्याने बांधून ठेवायचं. एकेकीने माझा हात धरला, दोऱ्याने मनगटावर बाहेरून आत पुसल्यासारखं केलं, पुटपुटत गाठ मारली. दोरा निदान तीन दिवस काढायचा नाही, लेकने बजावलं. यायने तिचा दोरा शेवटी बांधला. तिने पदरासारख्या गुंडाळीतून वीस बाटाची एक नोट काढली, विडीसारखी बारीक गुंडाळली आणि गाठीत अडकवली. ते पाहून आणखी दोघींनी तसंच केलं. मी हात मागे घेणार, तर लेकने कोपर घट्ट पकडलं. “घ्यायचं,” ती मराठीत म्हणाली. आमच्या आईकडे राहून शिकलेल्या तिच्या दहा-बारा शब्दांतला तो एक.

बसमध्ये गर्दी होती. कंडक्टर बाई आल्या, सुरिन म्हटलं, त्यांनी भाडं सांगितलं. पाकिटात आदल्या दिवशी एटीएममधून काढलेली हजाराची एकच नोट. बाकी सुटे सगळे त्या भाजीच्या गाडीवाल्याकडे संपले होते. बाईंनी हजार पाहून कपाळाला आठी घातली आणि दुसऱ्या हाताकडे नजर टाकली. तिथे वीस-वीसच्या तीन नोटा, आठ गाठींत, उघड्यावर. मी मनगट मांडीखाली घेतलं.

त्या काही बोलल्या नाहीत. हजाराची नोट घेऊन पुढे गेल्या. बराच वेळ प्रत्येक बाकाशी वाकून विचारत होत्या, लोक पिशव्या उघडत होते, कुणी मान हलवत होतं. था तूमला बस थांबली तेव्हा त्या खाली उतरल्या आणि समोरच्या नूडल्सच्या दुकानात शिरल्या. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. सगळी बस माझ्या सुट्ट्या पैशांसाठी थांबून राहिली.